खाली बघ

दाराबाहेरचा लाल दिवा लावला
की आत कुणी यायचं नाही.
पडदा ओढते, फोन उपडा ठेवते,
फॉइलमध्ये गुंडाळलेली नळी फ्रीजरमधून काढते.
पिवळी पूड, चिमटीत मावेल एवढी.
उजेड सोसत नाही तिला, हवाही सोसत नाही.
माहेरची आहे, म्हणून लाड करते.

खरंच माहेरची.
आमच्या बेटांवरच्या मातीत एक जंतू सापडला,
बुरशीशी भांडायला त्यानं हे विष घडवलं,
आणि लोकांनी देशाचंच नाव त्याला दिलं, फिलिपिन.
औषध म्हणून नापास. माणसालाही बाधतं.
पण कोलेस्टेरॉल भेटलं की त्याला बिलगतं,
आणि अतिनील दिव्याखाली
निळं होऊन चुगली करतं.

इलोइलोत चिखलाचे पाय घेऊन घरात आले
की आई करवादायची.
तिला सांगायचं राहिलंच,
त्याच चिखलाच्या जिवावर
हॅलिफॅक्समध्ये भाडं भरते मी,
जिथे धुक्यात भोंगा रात्रभर कण्हतो.

आजचा नमुना: दंडाच्या कातडीचा कण, मसुरीएवढा,
बाटलीत सहा आठवडे वाढवलेला.
नाव झाकायचं असतं. या वेळी राहून गेलंय.
रेमी स्युरेट, वय आठ, गाव पब्निको.
जिना उतरताना अडखळतो.
डोळे खाली वळत नाहीत.
खदखदून हसला की गुडघ्यांतून मोडून पडतो.
त्याखाली, डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात:
आई म्हणते, घरात आम्ही विनोद करणं बंद केलंय.

हे मी दोनदा वाचलं.
मग हातमोजे बदलले, उगाच.

शेजारच्या काचेवर माझ्याच पेशी.
तुलनेला निरोगी कातडी लागते, म्हणून
नोकरीच्या पहिल्या वर्षी दंड पुढे केला होता.
त्या आधी बघते, दरवेळी.
कडेनं पुसट निळी रेघ, दिसेल न दिसेल अशी,
पहाटे खिडकीच्या फटीतून येते तशी.
रक्ताच्या रिपोर्टात ज्याच्या नावानं आपण बोटं मोडतो
ते इथे भिंतीला भिंतपण देत
मुकाट उभं असतं.

आता रेमी.

आई गं.
भिंती जवळजवळ काळ्या
आणि मधोमध, केंद्रकाला वेढून,
गच्च निळे ठिपके, ठिपक्यांवर ठिपके.
माल आला, उतरला, कोठीत गेला,
आणि कोठीचं दार बाहेर उघडेना.
घरात धान्य सडतंय, अंगणात उपास.
सुंदर दिसतं ते. हे कुणाला सांगत नाही मी.

आणि वेळ नसतो.
ज्या उजेडानं दिसतं, त्याच उजेडानं विझतं.
मोजून काही सेकंद. फोकस करेपर्यंत
निम्मं निळं निघून गेलेलं असतं.
पहिला फोटो हुकला.
काच सरकवली, न बघितलेल्या पेशी शोधल्या,
आंधळ्यासारखं बटण दाबलं.
आला.

रिपोर्टात निळं लिहीत नाहीत.
'दोषाशी सुसंगत' लिहितात, खाली सही: मारीसेल बांताया.
पत्र मंगळवारी पोचेल.
सोमवारी तिकडे लॉब्स्टरचा हंगाम सुरू होतोय,
बाप पिंजरे घेऊन पहाटेच पाण्यावर गेलेला असेल.
म्हणजे पाकीट ती एकटी फोडणार.

डबा खाल्ला. उकडलेलं अंडं होतं,
पिवळा बलक जरा वेळ बघत बसले.

दिवसभर मान खाली घालून बघायचे पैसे मिळतात मला.
आणि तिकडे एक बाई
पायरीपायरीला म्हणत असेल, खाली बघ, बाळा, खाली बघ,
आणि तो समोर बघत, हात पुढे करून,
पायांनी चाचपत, हसू दाबत.

निघताना लाल दिवा मालवायला विसरले.
जिन्यात रखवालदार ऑर्विलनं थांबवलं,
आत कुणी आहे का अजून?

हो, म्हणाले.
मग आठवलं, आणि परत वर गेले.