तळण

नदीचा आवाज आधी बुडाखालून येतो.
रबराच्या तळाला गाळ घासत जातो,
कढईत रवा परतावा तसा, खरखर, दिवसभर.
हिमनदीनं दळलेला डोंगर आहे तो, डोरिन म्हणते,
हात घाल, बोटं दिसणार नाहीत.
चौथ्या मिनिटाला ती आहेत हेही कळणार नाही.

मी सामानाचा तराफा वल्हवतो. सहावा उन्हाळा.
माझ्याकडे भांडी, तंबू, हवेचा पंप, ठिगळांची पेटी,
आणि जेवताना ज्याचं नाव कुणी काढत नाही
तो घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा.
डोरिन पुढं. तिच्या तराफ्यात माणसं :
विनिपेगच्या दोघी जुळ्या बहिणी,
एक दंतवैद्य, त्याचा न बोलणारा मुलगा,
आणि ऑर्व्हिल टेट, वय एकोणऐंशी,
ज्यानं इथला नकाशा काढला होता
चौऱ्याहत्तर साली, हेलिकॉप्टरमधून लोंबकळत.
रोज सांगताना तो थोडा जास्त लोंबकळतो.

पाचव्या दिवशी घळ संपली
आणि पाणी चालायचंच थांबलं.
सरोवर. घराएवढाले हिमखंड,
निळे, बुडाशी मातकट.
एखादा झोपेत कूस बदलावी तसा उलटतो
आणि बऱ्याच वेळानं आपला तराफा डुलतो.

ऑर्व्हिलनं नकाशा मांडीवर उलगडला.
बोट फिरवलं. चष्मा पुसून पुन्हा फिरवलं.
"आपण बर्फाच्या आत आहोत," तो म्हणाला,
"म्हणजे, याच्या हिशेबानं. आत्ता डोक्यावर दोनशे मीटर."
सगळ्यांनी वर पाहिलं.
वर एक कुररी होती, पांढरी, घाईत.
मुलगा पाच दिवसांत पहिल्यांदा बोलला,
"मग आपल्याला श्वास कसा येतोय?"

रात्रीचे दहा. ऊन अजून गोट्यांवर.
दंतवैद्यानं हौसेनं तवा काढला, बेकनचं पाकीट काढलं.
डोरिननं तवा त्याच्या हातातून घेतला,
लहान मुलाच्या हातून सुरी घेतात तसा, न ओढता.
इथं तळायचं नाही.
तिच्या मोझेस मामानं सांगितलेलं, त्याला त्याच्या मामानं :
बर्फाला चरबीचा वास सोसत नाही.
आणि त्याला ऐकू येतं.
बढाया मारायच्या त्या खाली, समुद्राजवळ मारा.
(ऑर्व्हिल उगाच बुटाची नाडी बांधू लागला.)
काय ते उकडून खा.

दंतवैद्य भला माणूस. हसला नाही.
फक्त म्हणाला, "पण तो तर सात किलोमीटर मागं गेलाय.
तुझ्या मामाच्या वेळी इथं होता. आता वास कुठून पोचणार?"

डोरिन पातेलं ढवळत होती. ढवळत राहिली.
"रुसून आतल्या खोलीत गेलेल्या माणसाच्या
दारात बसून
कुणी तळण काढतं का?"

मग आम्ही उकडलेले बटाटे खाल्ले, उकडलेला मासा,
मीठ कमी होतं, कुणी मागितलं नाही.
जुळ्या बहिणी इतक्या हळू बोलत होत्या
की दोघींनाही ऐकू येत नसावं.

मध्यरात्रीच्या त्या करड्या उजेडात
ऑर्व्हिल खोडरबर चालवत बसला होता.
चुरा फुंकायचा, पुन्हा घासायचं.
"इथं आता काय काढू?" त्यानं विचारलं.
"पाणी," डोरिन म्हणाली, "पण पेन्सिलीनंच."

लांब कुठंतरी काहीतरी मोडलं.
आवाज आधी आला, लाट मागाहून,
तराफे दोराला हिसके देऊ लागले.
मी उठलो, गाठी तपासल्या, एक वेढा जास्त घातला,
हे मी रोजच करतो.
मग खाद्याच्या पेटीतून ते न फोडलेलं पाकीट काढलं,
इकडंतिकडं पाहिलं,
आणि ते आणखी एका पिशवीत गुंडाळून
तोंड घट्ट बांधून टाकलं.