ओले

जिन्यावरून शिवकांता भदौरिया ओरडल्या, "ओले! ओले!"
आणि मी, मिरजेहून येऊन अकरा महिने झालेली,
गच्चीवर धावले
वाळत घातलेले कपडे काढायला.

माझ्या कानात ओले म्हणजे ओले.
टॉवेल, परकर, ह्यांचे पायमोजे.
त्यांच्या तोंडात ओले म्हणजे
आभाळातून सुटलेला दगड.

पहिला टाकीच्या झाकणावर वाजला,
दुसरा माझ्या मनगटावर.
तिसऱ्यापासून मोजणं सुटलं.

कपड्यांचा निळा टब डोक्यावर पालथा घेतला,
गुडघे छातीशी.
दार नऊ हातांवर होतं.
कुणाचे हात, ते विचारू नका.
टबाला तडा गेला तेव्हा मी काहीतरी पुटपुटत होते,
रामरक्षा नव्हती ती,
दुधाचा हिशोब होता:
सोमवारी अर्धा, मंगळवारी खाडा.

सतरा मिनिटं, असं नंतर सगळे म्हणाले.
आकारावर मात्र एकमत नाही.
कोपऱ्यावरचा हलवाई म्हणतो, गुलाबजाम.
सराफाचा मुनीम म्हणतो, तीन तोळे, वर एखादी गुंज.
पोरांनी संध्याकाळपर्यंत क्रिकेटचा चेंडू करून टाकला.
होतमसिंह दूधवाला काहीच म्हणाला नाही.
म्हशीच्या पाठीवर बोट ठेवून दाखवत राहिला,
इथे. इथे. आणि हे इथे.

किल्ल्याचा डोंगर पांढरा झाला होता
आणि गल्लीतल्या पिंपळाखाली पोपट पडले होते,
बर्फावर हिरवे,
चोची उघड्या, जणू शब्द अर्ध्यावर राहिलेला.
चाळीसपर्यंत मी मोजले.
मग झाडूवाल्या विमलाने पानांबरोबर तेही तगारीत भरले
आणि तगारी डोक्यावर घेताना
पदराची चुंबळ दोनदा नीट केली.

तीन रात्री वीज नव्हती.
गारठा असा की मेणबत्तीही अंग आखडून जळत होती.
विजेच्या जुन्या बिलांच्या पाठीवर मी लिहायला बसले,
लिहिलं, गारा पडल्या.
शिवकांता शेकोटीचं घमेलं घेऊन आल्या होत्या,
विचारलं, "क्या लिखा?"
वाचून दाखवलं.
"गारा? ईंट-वाला गारा?"
त्यांच्याकडे गारा म्हणजे चिखल, भिंत बांधायचा.
माझी गार त्यांच्या घरात मातीची,
त्यांचे ओले माझ्या दोरीवर.
आणि राहायला आम्ही दोघी दानाओलीत.
कधीकाळी आपल्यातलंच कुणी
ह्या गल्लीला ओळ म्हणालं असेल,
ळ इथल्या जिभेवर टिकला नसेल.
खोडलं सगळं.
पुन्हा लिहिलं.

बघून लिहावं म्हणून एक गार ठेवली होती,
पेढ्यांच्या डब्यात, फ्रीजमध्ये.
आधी एक विळीवर चिरून पाहिली होती:
आत दुधी, बाहेर काच,
कांद्यासारखे पदर. पाच मोजले, सहावा हातातच गेला.
फ्रीज बंद आहे हे माहीत होतं,
तरी ठेवली.
रात्री डबा उघडला तर दोन चमचे पाणी,
तळाशी रेती,
कडेला पेढ्याची साखर.
मांजर चाटून गेलं.

चौथ्या दिवशी दिवे आले.
टीव्हीवर आम्ही अर्धा मिनिट होतो,
त्यातही आमची गल्ली नव्हती.
दिरांचा फोन आला, "तुमच्याकडे गारपीट म्हणे?"
ह्यांनी सांगितलं, हो, झाली थोडी.
मनगट तोवर जांभळ्याचं पिवळं झालं होतं.
त्या पिवळ्यावर आंबेहळद लावता लावता शिवकांता म्हणाल्या,
"लिख लिया?"
चुकून मराठीत बोलले, "थोडंसं."
"तो सुनाओ."

ही वरची वीसेक ओळी वाचली.
शब्द कळत नव्हते त्यांना, मान हलत होती,
ठेका धरल्यासारखी, सभ्यपणे.
टॉवेल, परकर, पायमोज्यांपाशी आले,
ओले, म्हटलं,
आणि त्या एकदम थांबल्या,
डोळे मिटून माझा हात घट्ट धरला,
दुखऱ्या जागीच.
"हाँ," म्हणाल्या, "बिलकुल. ऐसे ही थे."

मी दुरुस्त केलं नाही.