ओळ सतरा

तोर्सहाव्नमध्ये तीन वाजताच अंधारलंय.
रनवा नावांचा रकाना निवडते, पुसते.
मूळ फाइल कुलपात, तिला हात लावायचा नाही.
ही नक्कल. काय चुकायचं ते हिच्यावर.

सतराव्या ओळीत आता नाव नाही.
उरलंय एवढंच: स्त्री, एक्याण्णव, डावखुरी,
निवृत्त सुईण, डाव्या कानाने बहिरी.
बेटाची लोकसंख्या अकरा.

अकरांत सुइणी किती असणार?
टपालाच्या बोटीवरचा पोरगाही सांगेल
हिचं घर कुठलं, आणि कुत्रा चावतो का.

वयाचं ती करते 'पंच्याऐंशीच्या वर'.
सुईणपण जातं. बेट जातं, नुसतं 'उत्तरेकडे' राहतं.
डावखुरेपण पुसताना बोट थबकतं.
त्याच हाताने चहा ओतत म्हातारी म्हणाली होती,
कान वादळाने नाही गेला गं,
नवऱ्याच्या थपडेने गेला.
लिही हे. माझं म्हणून नको.

बोट खाली येतं.

चहाच्या त्या फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश, ते काढले.
मग आठवतात कोडच्या जुन्या आवृत्त्या:
मंगळवारच्या आवृत्तीत नाव अजून बसलंय,
जसंच्या तसं, खिडकीशी बसावं तसं.
आज पुसलेलं काल पुसलं जात नाही;
एकेक मागे जाऊन काढावं लागतं.

आठ वाजतात.
स्त्री, वृद्ध, एक कान निकामी, कारण: मारहाण.
आता ही कोणीही असू शकते.

कोणीही.
रनवा खुर्ची मागे सरकवते
आणि डाव्या कानावरचे केस
उगाच सारखे करते.