तळटीप १४२

ऑगस्टा रिंडाल आज निवृत्त होतेय.
नवव्या मजल्यावर केक कापतायत, त्यावर तिच्या नावातलं एक अक्षर चुकलंय
आणि तिनं ते पाहिलंय.
चुकलेलं अक्षर तिच्या नजरेतून सुटलं,
असं एकतीस वर्षांत झालेलं नाही.

मी लीरॉय पेटवे. तळमजला, नोंदणी खिडकी.
आयोगाकडे येणाऱ्या प्रत्येक कागदावर
तारीख-वेळेचा शिक्का ठोकणं हा माझा धंदा.
कंपन्यांचे वकील ढकलगाडीवरून उत्तरं आणायचे,
चाकं कुरकुरायची,
आणि रात्री पार्किंगमध्ये एकच गाडी उरायची, तिची.

ती नॉर्थ डकोटाची. तिकडे सहा घरांत मिळून एक तार.
आई फोनवर फक्त हवामानाचं बोलायची.
भिंतींचं सोडा, तारेलाच कान होते.
म्हणून वकील झालीस का, मी एकदा विचारलं.
छे, म्हणाली, बर्फाला कंटाळून.

कायद्यात लिहिलंय : दर ‘न्याय्य आणि वाजवी’ असावेत.
या ‘वाजवी’चा कीस पाडण्यात
तिची उमेद गेली, एक नवरा गेला,
चष्म्याचा नंबर तर विचारूच नका.

मग ते पत्र आलं. मिसिसिपीहून, पेन्सिलीनं, रेघांच्या कागदावर :
माझा नातू तुरुंगात आहे.
पंधरा मिनिटं बोलायचे सतरा डॉलर पडतात.
रविवारी बोलते,
मग गुरुवारपासून रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घेते.
आपली, आयडेल क्रंप.

नियम असा की नऊ प्रती हव्यात. बाईंनी एकच पाठवलेली.
परत धाडायला हवं होतं.
मी ते वर नेलं.
ऑगस्टानं वाचलं, काही बोलली नाही,
झेरॉक्सपाशी गेली आणि आठदा बटण दाबलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ती तीनदा चढली.
पहिला हुकूम न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा फेटाळला,
त्या रात्री तिनं जिन्यात बसून सफरचंद खाल्लं, देठासकट.
तिचा जोडीदार लॉईड नदीपलीकडे गेला, कंपनीत, तिप्पट पगारावर.
त्याला नावं ठेवू नका, त्याला तीन मुलं होती.
आणि तिलाही देवी करू नका.
एका मोठ्या विलीनीकरणावर तिचीच सही आहे.
लिफ्टमध्ये मला म्हणाली,
अटी घातल्यात, लीरॉय. कागदावर छान दिसतात.

दुसरा हुकूम टिकला. दोनशे सहा पानं.
पान एकसष्ट, तळटीप १४२ :
‘पाहा, आयडेल क्रंप यांचे पत्र, पृष्ठ एक.’
त्याची प्रत मिसिसिपीला पाठवली.
पाकीट परत आलं,
टपालवाल्यानं वर लिहिलेलं : वारल्या.

पुढच्या वसंतात माझ्या खिडकीतला फोन वाजला.
यंत्राचा आवाज : हा कॉल कारागृहातून आहे,
स्वीकारायचा असल्यास एक दाबा.
मी एक दाबलं.
तो म्हणाला, माझ्या आजीचं नाव खरंच छापलंय?
मी वाचून दाखवलं.
एवढंच?
एवढंच.
पुन्हा वाचा ना, म्हणाला.
आता मिनिटं परवडत होती.
मी पुन्हा वाचलं, सावकाश, स्वल्पविरामासकट.

साडेपाचला ऑगस्टा खाली आली,
कागदी बशीत माझ्यासाठी तुकडा, तो चुकलेल्या अक्षराचा.
ओळखपत्र खिडकीत ठेवलं,
माझ्या मागच्या घड्याळाकडे बघितलं
आणि म्हणाली, दोन मिनिटं मागे आहे.

ठाऊक आहे, मी म्हणालो.
धावत येणाऱ्यांसाठी. ज्यांच्याकडे ढकलगाडी नसते.

मलाही, ती म्हणाली,
पहिल्या दिवसापासून.