दग्गु, केम्मु, खोकला

आमच्या विडी घरकुलात खोकल्याला तीन नावं.
आमच्या घरात दग्गु,
भिंतीपलीकडच्या निंबव्वाकडे केम्मु,
दवाखान्याच्या कागदावर खोकला.
भार्गवी तिन्ही भाषांत खोकते.
साडेतीन वर्षांची.
गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसली तेव्हापासून.
आता रंगपंचमीही झाली.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली,
फोटो काढला, उजेडापुढे धरला.
"छाती साफ आहे. घरीच जपा.
धाप लागली, ताप आला, तर मात्र थांबू नका."
तेव्हापासून घरीच जपते आहे.

अडुळसा निंबव्वाच्या कुंपणाचा.
पिकलं पान घे, ती सांगते, हिरव्याला हात लावू नको.
तव्यावर नुसतं मऊ होईस्तोवर,
मग फडक्यात पिळायचं.
ओंजळभर पानांतून निघतं किती?
चार थेंब.
पाचवा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जातो.

रात्री तिळाचं तेल कोमट करून छातीला, पाठीला,
वर ओव्याची पुरचुंडी.
फासळ्या हाताला लागतात
सुपाच्या कामट्यांसारख्या, एकेक.
खोकते तेव्हा कुणी सूप पाखडावं
तसं तिच्या आतलं सगळं उडतं
आणि पुन्हा तिथंच पडतं.

हिरेमठ वैद्यांनी सितोपलादीची पुडी बांधून दिली.
"मधातून. चिमूटभर.
तुझी नव्हे बाई, तिची चिमूट."
मी तिची दोन बोटं माझ्या बोटांत धरून चिमूट भरते,
मधात कालवते,
बोटावर घेऊन तोंडाशी नेते.
ती मान फिरवते.
अगं खडीसाखर आहे त्यात, वेलदोडा आहे,
चाटून तर बघ की!
"अम्मा, औषध गोड आहे.
तुझं बोट कडू आहे."

मी बोट चाखलं.
मला काहीच लागलं नाही.
अकरा वर्षं, रोजच्या हजार विड्या,
मला कसलं लागणार?

ती झोपल्यावर घराचा वास घेत हिंडले.
एकच खोली, हिंडणार किती!
उशी. गोधडी. भाकरीच्या दुरडीतलं फडकं.
खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं, तपकिरी.
पंख्याखाली गार म्हणून तिला झोपवते ती जागा
आणि माझ्या सुपाची जागा
ह्यांत एका वितीचं अंतर.

दुसऱ्या दिवशी सूप उचललं, जिन्याखाली जाऊन बसले.
वाऱ्यानं पान वाळतं, कात्रीखाली तडकतं.
ब्रँचमधल्या कारकुनानं दीडशे विड्या छाटात फेकल्या.
"नवीन शिकतीयस होय?"
मी काही बोलले नाही.
दीडशेचे पैसे किती होतात
ते वाटेत दोनदा मोजलं.

तिचा बाप रात्रपाळी करून येतो
तो भुवयांवर टॉवेलच्या कारखान्याची पिंज घेऊन.
त्याला बाहेरच नळाशी उभा केला.
चिडला.
"आता माझ्याच घरात मी शर्ट काढून यायचं?"
पण काढला,
झटकला,
आणि खणखणीत शिंकला.
आतून भार्गवी हसली.

औषध आता चमच्यानं.
चिमूट मात्र अजून आम्ही दोघी मिळून भरतो.

खोकला गेला, असं म्हणत नाही मी.
पहाटे येतो,
दोनदा, कधी तीनदा,
मी अंधारात मोजते, हाताला मोजायची सवयच आहे.

परवा चुलीपुढे मलाच ठसका लागला,
वाकले तर थांबेचना, डोळ्यांत पाणी.
ती आली.
दिवसभर चघळून टोकाशी कुंचला झालेली
जेष्ठमधाची काडी तोंडातून काढली,
फ्रॉकला पुसली,
उलटी करून माझ्यापुढे धरली.
"ह्या बाजूनं घे, अम्मा.
इकडून मी चावलेली नाही."