एक फेज

स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला, मूठ कानाला,
मग डोळे मिटायचे.
बत्तीस वर्षं, सेलूच्या जिनिंगमागं हेच दुकान.
बेअरिंग खातंय की बुश घासतंय,
आवाजावरून कळायचं. मीटर नंतर.

पोळ्याच्या आधी वालूरच्या काष्टेंची साडेसात एचपी आली.
मूठ डाव्या कानाला लावली
तर मोटर मुकी.
खोलली. कॉइल धडधाकट.
मोटर बोलत होती, मीच ऐकत नव्हतो.

रात्री डीपीकडं जाताना बांध हलायचा पायाखाली,
उजेडात नाही, अंधारातच.
लोक म्हणाले, उमाकांत मिस्त्री घ्यायला लागला.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी
लोखंडी चिमटा वाजवून कपाळावर टेकवला.
कुठं वाजतंय?
उजवीकडं, म्हटलं, आणि बाई, हत्यार तर माझंच दिसतंय.

एमआरआयच्या बोगद्यात अर्धा तास ठोकाठोक.
कानात बोळे, तरी थंडाव्याचा पंप चिरकताना उजव्यानं पकडला.
बाहेर येऊन सांगितलं त्या पोराला.
तो हसला.

गाठ आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढी.
कॅन्सर नाही. नसेच्या वेष्टनातून उगवलेली.
म्हणजे इन्सुलेशन फुगलंय, मी म्हणालो.
बाई थांबल्या. हो, म्हणाल्या, तसंच.
त्याच पाइपातून शेजारून चेहऱ्याची वायर गेलीय,
गाठ काढताना ती दुखावली तर ओठ लोंबेल.
म्हणून घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो.
वाढली तर किरणं, नाहीतर कानामागून कवटी उघडायची.
गेलेलं ऐकू मात्र परत यायचं नाही,
कशानंच.

जळकी मोटर घेऊन माणूस दारात उभा राहतो,
त्याचं पाणी थांबलेलं.
त्याला मी कधी म्हणालो नाही, सहा महिने बघू.

तिन्हीतली एक फेज गेली
की मोटर नुसती घुमते, तापते, फिरत नाही.
ते घुमणं आता माझ्या डोक्यात, लाइट असो नसो.
पण मेंदू शिकतो म्हणे
उरलेल्या तारांवर तोल धरायला.
कुठली मोटर शिकते असं?

शेवंता अंगणात रांगोळीची रेघ ओढते,
टाचेला अंगठा लावत मी त्यावरून चालतो.
शेजारची लेकरं मोजतात. काल अकरा पावलं.
मग पाय पडला तिच्या तुळशीच्या आळ्यात.

बाजेवरची जागा बदलली तिनं, न सांगता,
उजवीकडं आली.
मला ऐकवायचं नाही ते मात्र
अजून डावीकडं जाऊनच बोलते.