खालची डावी रेघ

मुनव्वरभाईंच्या गोडाऊनमध्ये
भट्टीकडे निघालेल्या लोखंडाच्या ढिगात
परतूरच्या जिनिंगचा काटा सापडला.
डबा चेपलेला, आत उंदराचं घरटं,
आणि पाचही काचा शाबूत.
"कांच भट्टीत चालत नाही, घेऊन जा," म्हणाले,
आणि पत्र्याच्या डब्याचे तेवढे पैसे लावले.

या काचांना पाच व्होल्टचं बोलणं ऐकू येत नाही.
पेटायला त्यांना एकशेसत्तर लागतात,
पेटल्या की एकशेचाळीसवर तेवत राहतात,
आणि कुणी आवरलं नाही तर
स्वतःलाच खाऊन टाकतात.
म्हणून प्रत्येक रेघेमागे एक ट्रान्झिस्टर,
तीनशे व्होल्ट सोसणारा,
आणि त्याच्या नाकात
सत्तेचाळीस किलोओहमची वेसण.
बाराचे एकशेऐंशी करणारी कॉइल
मी हातानं गुंडाळली, पिवळ्या कड्यावर, नव्वद वेढे.
मधे फोन आला, त्यामुळे कदाचित एक्क्याण्णव.

रात्री अकरानंतर भट्ट्या ओढायला लागतात
आणि जालन्याचं व्होल्टेज खाली बसतं.
डावा हात पाठीमागे धरून मी मोजत राहते.
तंत्रनिकेतनातलं एवढंच अजून अंगात आहे:
जिवंत सर्किटला दोन हात लावायचे नाहीत.

अण्णा बावीस वर्षं त्या काट्यावर होते.
दुसऱ्याच हंगामात
दशकाच्या घरातली खालची डावी रेघ गेली.
सहाचा पाच दिसायचा, आठाचा नऊ.
दुरुस्तीचा माणूस मुंबईहून यायचा होता,
तो यायचाच राहिला.
मालक म्हणायचे, दिसतं ते लिहा,
कधी आपलं जातं, कधी त्यांचं,
वर्षाखेर हिशेब बसतो.
अण्णांचा बसायचा नाही.
ते उठायचे, कोपऱ्यातलं वीस किलोचं माप
पोटाशी धरून न्यायचे
आणि कापसाच्या गाडीशेजारी काट्याच्या पत्र्यावर ठेवायचे.
पाचाचा सात झाला, तर पाच खरा.
पाचाचा नऊ झाला, तर तो सहा होता.
नवाचा एक झाला, तर ठीक.
मोडकं शून्य आलं की आठ लिहायचं.
मागे रांग, हॉर्न, आईवरून शिव्या.
कंबर त्यांची तिथंच गेली.

काल जुन्या बोर्डाला मीटर लावलं.
चौथी काच मेलेली नव्हतीच.
मेला होता तिच्या पाठचा ट्रान्झिस्टर,
हरभऱ्याएवढा, तेव्हा चार रुपयांना मिळत असेल.

नव्या बोर्डावर आठ लावला.
सहा रेघा थकलेल्या नारिंगी, कडांना काळवंडलेल्या,
आणि खालची डावी,
जिला इतकी वर्षं कुणी पेटवलंच नाही,
लख्ख,
जणू काल कारखान्यातून आली.

हिशेबानं तिला आता वेगळा रेझिस्टर हवा,
अडुसष्टचा, म्हणजे ती बाकीच्यांच्या जोडीला येईल.
डबीतून काढला. पाय वाकवले. सोल्डरगन तापत ठेवली.

मागे दार वाजलं. अण्णा, मफलरमध्ये.
"काय करायलीस गं प्रयागे एवढ्या रात्री?"
मी आठ काढला आणि सहा लावला.
ते जवळ आले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
वाकता येतं तेवढे वाकले.
काचेचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता.

"सहा म्हणायलाय," ते म्हणाले.
थोडं थांबून,
"तरी वीस किलो ठिवून बघ."

मी दोन मिळवले.
आठ आला.
अण्णा मान हलवून झोपायला गेले.

अडुसष्टचा रेझिस्टर अजून टेबलावरच आहे,
पाय वाकवलेला.